छपरीखालचा पाऊस

दारी बसविला पहारा। आत कोंडियेला वारा।
चोर नाही आला घरा। दिवा मात्र विझला॥

मंडळी, आज एक साधा प्रश्न घेऊन बसू. संशय हा गुण की दोष?

लगेच मान हलवू नका. दोष म्हणालात तर मी विचारीन – देवळात येताना चपला कुठे ठेवल्यात? आतल्या खांबाशी, नजरेसमोर! आणि गुण म्हणालात तर विचारीन – मग घरी जाऊन एकदा सांगाल का, की मी तुमच्यावर संशय घेतो, हा माझा गुण आहे? जेवण मिळेल का त्या दिवशी?

म्हणजे दोषही नाही, गुणही नाही. सुरीसारखं आहे. भाजी चिरते ती सुरी, बोट कापते तीही सुरीच. प्रश्न एवढाच – ती धरायची कुठे? लावायची कुणाला? ऐका तर मग.

जुन्या मुंबईत एक बाजार होता. भाजीचा नव्हे – गिरण्यांच्या भागांचा, समभागांचा. कोणता, ते विचारू नका. त्याची इमारत आज नाही, त्याचे शेठही नाहीत. पण त्या काळी तिथे सकाळी दहाला घंटा झाली की आत असा गलका उठे, की समोरच्या पिंपळावरचे कावळे उडून जात. आणि या बाजाराच्या मागच्या आवारात, मोकळ्या जागेत, जमिनीत रोवलेला एक तांब्याचा डबा होता. वर पितळेचं नरसाळं, आत बाटली. पाऊस मोजायचा डबा.

तुम्ही म्हणाल, शेअरबाजारात पाऊस कशाला मोजायचा? अहो, पाऊस चांगला तर कापूस चांगला, कापूस चांगला तर गिरण्या चांगल्या, गिरण्या चांगल्या तर भाव वर! आता कापूस पिकतो वऱ्हाडात आणि डबा मुंबईत – हे कुणाच्या लक्षात आलं नसेल का? आलं होतं. पण बाजाराला शहाणपण सांगायला जायचं कुणी? वर्षानुवर्षांचा रिवाज होता. जुलै महिन्यात त्या डब्यात किती इंच पाऊस पडतो, यावर तिथे सरळ सौदेच होत. पाऊस जास्त पडेल म्हणणारे ते तेजीवाले. कमी पडेल म्हणणारे ते मंदीवाले.

त्या डब्याचा राखणदार होता मोरेश्वर त्रिलोकेकर. पाठारे प्रभू, ठाकुरद्वारला राहणारा. एकोणीस वर्षं त्यानं एकच काम केलं होतं. रोज सकाळी आठ वाजता बाटली काढायची, काचेच्या मोजनळीत ओतायची, आकडा वहीत लिहायचा, सही करायची आणि मग तोच आकडा बाजाराच्या काळ्या फळ्यावर खडूनं मांडायचा. नारळीपौर्णिमा असो की घरात कुणी आजारी असो, आठ म्हणजे आठ.

पण त्याचं मन त्या डब्यात नव्हतं. त्याचं मन होतं अंदाजात. कारवार, रत्नागिरी, पार खाली मंगळूर – तिथून तारा मागवायच्या, तिथला वारा कुठून आहे, पारा किती उतरलाय ते मांडायचं, जुन्या वह्या काढून ताडून पाहायचं, आणि जून संपता संपता फळ्यावर लिहायचं, की जुलैत अमुक इंच पडेल. कधी बरोबर येई, कधी चुके. चुकला की बाजार हसायचा. यंदा मात्र त्याचं गणित मनासारखं बसलं होतं. सरासरी चोवीस इंचांची. त्यानं लिहिलं – तीसच्या वर.

तीसच्या वर! एकोणीस वर्षांत एवढ्या ठामपणे त्यानं काही लिहिलं नव्हतं. तेजीवाले खूश. त्यांचे पुढारी लधाशेठ यांनी त्याच दिवशी मोठी खरेदी केली. आणि मंदीवाल्यांचे पुढारी बमनजीशेठ? ते फळ्यासमोर बराच वेळ उभे राहिले. मग समितीच्या बैठकीत त्यांनी आपल्या पारशी वळणाच्या मराठीत, अगदी शांतपणे एक गोष्ट विचारली.

"अंदाज सांगणारा मोरोबा, आणि पाऊस मोजणारा पण मोरोबाच? लग्न जमवणाराच पत्रिका लिहिते तेव्हा छत्तीस गुण जुळते की नाही?"

आता खरं सांगा मंडळी, चुकीचं बोलले का? मुळीच नाही. प्रश्न रास्त होता. ज्याला बरोबर ठरायचंय त्याच्याच हातात मोजनळी! आणि त्या डब्याचं तोंड किती? पाच इंच. त्यात चहाचा एक कप ओतला तर जवळजवळ अर्धा इंच पाऊस! एक कप चहात अर्धा इंच – सांगा, संशय येणार नाही का?

मोरेश्वराला ते फार लागलं. घरी दोन दिवस नीट जेवला नाही.

अकरा जुलैला समितीनं ठराव केला – डब्याजवळ चोवीस तास पहारा. माणूस बमनजीशेठचा. त्याचं नाव धाकू घाग, राजापूरकडचा, वयानं पन्नाशीचा. आता माणूस बसणार कुठे? पाऊस तर कोसळतोय. मग त्याला एक पत्र्याची छपरी ठोकून दिली. कुठे ठोकली? लांब ठोकली तर पावसाच्या धारांतून डबा दिसायचा नाही. म्हणून डब्याला लागूनच, दीड हातावर. आणि तोंड कुठे? नैऋत्येचा वारा तोंडावर आला तर माणूस भिजेल. म्हणून छपरीची पाठ वाऱ्याला, आणि तोंड डब्याकडे.

बारा तारखेचा आकडा कमी आला. तेराचा आणखी कमी.

लधाशेठ चमकले. बाहेर रस्ते वाहताहेत, ट्रामचे घोडे पोटापर्यंत पाण्यात असायचे ते दिवस लोकांना आठवावेत असा पाऊस, आणि फळ्यावर आकडा कमी? त्यांनी अनुमान केलं – पहारेकरी बमनजीचा, तो डब्यात चिंधी बुडवून पाणी टिपून घेतो. मग त्यांनी आपला माणूस बसवला, रामदीन नावाचा. त्याला दुसरी छपरी. पहिलीच्या खांद्याला खांदा लावून! कारण एकमेकांवरही नजर ठेवायची ना?

आकडा आणखी खाली गेला.

मग दोन छपऱ्यांच्या फटीतून हात घालून कुणी काही करत असेल, म्हणून मध्ये ताडपत्री बांधली. ती जरा पुढेही आली. आकडा आणखी खाली!

हसताय? हसा. पण तिथे कुणी हसत नव्हतं. दोन्ही शेठ, अठ्ठावीस सभासद, सगळे डोळ्यांत तेल घालून बघत होते. प्रत्येक जण दुसऱ्याचे हात बघत होता.

आणि मोरेश्वर? तो काय करत होता? तो तर शिकलेला, जाणता. अहो, तोही तेच करत होता! त्याच्या बायकोचा, हिराबाईंचा भाऊ वसंत विजयकर हा बमनजीशेठच्या पेढीवर कारकून होता. दर रविवारी जेवायला यायचा. मोरेश्वराच्या मनात आलं – माझ्या वह्यांच्या कपाटाची किल्ली घरात खुंटीला असते. आवाराच्या फाटकाची किल्लीही त्याच जुडग्यात. रविवारी वसंता येतो. आणि आकडे पडायला लागले ते... त्यानं वहीत पाहिलं. मंगळवारपासून, म्हणजे रविवारनंतर दोनच दिवसांत.

झालं! पुरावा मिळाला! संशयाला वार पुरतो, मंडळी. पंचांगही लागत नाही.

पुढच्या रविवारी वसंत दारात आला तेव्हा मोरेश्वरानं त्याला उंबऱ्यावरच सांगितलं, की महिना संपेपर्यंत इकडे येऊ नकोस. कारण दिलं नाही. हातातली ओली छत्री वसंतनं पुन्हा उघडली आणि जिना उतरला. हिराबाईंनी पानं वाढली होती तीन. एक उचलून ठेवलं. त्या दिवसापासून त्या नवऱ्याशी कामापुरतं बोलू लागल्या.

इकडे लधाशेठना ही बातमी पोचली. त्यांनी उलटा अर्थ काढला. मेहुणा बमनजीच्या पेढीवर आणि आता तो घरी येत नाही – म्हणजे ठरलंय, देवाणघेवाण झाली, आता लोकांच्या डोळ्यांत नको म्हणून दूर ठेवलाय! बघा, संशय कसा असतो. मेहुणा आला तरी वाईट, न आला तरी वाईट.

एकवीस तारखेला, गुरुवारी, समितीची चिठ्ठी आली. शनिवारी सकाळी मोरेश्वरानं आकडे का पडले याचा खुलासा द्यावा. नाहीतर त्याचं नाव फळ्यावर लिहिलं जाईल.

त्या बाजाराची ही रीत होती. ज्यानं शब्द मोडला त्याचं नाव खडूनं फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहायचं आणि तीन दिवस ठेवायचं. मग त्या माणसाला मुंबईत कुणी दारात उभं करत नसे. फळा तोच, ज्यावर एकोणीस वर्षं मोरेश्वरानं स्वतःच्या हातानं पाऊस मांडला होता.

त्यानं ठरवलं, चोर पकडायचा. मेहुण्याचं काम असो की कुणाचं, हात तर धाकूचाच असणार! शुक्रवारी सकाळी सहाला तो आवारात शिरला. रामदीन तोंड धुवायला गेला होता, म्हणजे धाकू एकटा. हीच वेळ. पाऊस असा, की समोरचा पिंपळ दिसेना. मोरेश्वर छपरीच्या पाठीमागे जाऊन दबा धरून बसला. छत्री वाऱ्यानं उलटी झाली, ती टाकून दिली. पत्र्यावर धारा अशा आपटत होत्या, की आत कुणी बोललं असतं तरी ऐकू आलं नसतं. दहा मिनिटांत अंगरखा पिळून काढावा असा झाला. चष्म्यातून काही दिसेना.

शेवटी त्याला राहवेना. तो वळसा घालून एकदम पुढे आला, की आता रंगेहाथ धरतो.

धाकू उकिडवा बसला होता. त्यानं वर पाहिलं. साहेब चिंब, चष्मा ओघळतोय, दात वाजताहेत. त्याला दया आली. तो जरा सरकला आणि म्हणाला, "आत या साहेब. हय थेंब लागत नाय."

मोरेश्वर आत बसला. डबा गुडघ्याशी होता. धाकूनं कनवटीची विडी काढली, एक साहेबांपुढे केली. साहेबांनी मान हलवली. मग धाकूनं आपली तोंडात धरली आणि काडी ओढली.

काडी पेटली. ज्योत सरळ उभी राहिली. हललीसुद्धा नाही.

मोरेश्वर त्या ज्योतीकडे बघत राहिला. मग डब्याकडे. नरसाळ्याच्या कडेपासून ज्योत हातभर अंतरावर होती. बाहेर तुफान, आणि इथे काडी शांतपणे जळतेय! विडी पेटते तिथे मी पाऊस मोजतोय!

मंडळी, त्याच्या वहीच्या पहिल्या पानावर, त्याच्याच अक्षरात, एकोणीस वर्षांपूर्वी उतरवलेला नियम होता – डब्याजवळ जी वस्तू उभी असेल ती तिच्या उंचीच्या दुप्पट तरी लांब हवी, नाहीतर पाऊस अडवला जाईल. छपरी पाच फूट उंच. अंतर दीड हात. दहा दिवस तो रोज सकाळी त्या छपरीत वाकून बाटली काढत होता. रोज डोकं पत्र्याला लागत होतं. आणि रोज तो काय बघत होता? धाकूचे हात!

त्यानं विचारलं, "धाकू, इथे पाऊस लागत नाही हे तुला ठाऊक होतं?"

"ठाऊक कशाला पाहिजे? मी कोरडाच बसतंय की."

"मग बोलला का नाहीस?"

धाकूनं विडीचा झुरका घेतला. "चार साहेब येऊन गेले. सगळ्यांनी विचारलं, कोण आला होता. मी सांगितलं, कोण नाय. पाऊस आला काय, असं कुणी विचारलं नाय."

काय उत्तर आहे! पहारा कसला? माणूस येऊ नये म्हणून. माणूस आला नाही, आणि पाऊसही आला नाही.

मोरेश्वरानं कोठारातला जुना दुसरा डबा काढला, छपरीपासून तीस पावलांवर मोकळ्यात रोवला, आणि शनिवारी आठ वाजता सगळ्या समितीसमोर दोन्ही बाटल्या ओतल्या. छपरीजवळच्या डब्यात बासष्ट शतांश. मोकळ्यातल्या डब्यात एक इंच पंच्याऐंशी. तिप्पटच्या आसपास. दोन्ही शेठ मोजनळीकडे बघत राहिले. बमनजींनी चष्मा काढून पुसला, पुन्हा पाहिलं.

मग मोरेश्वर आत गेला आणि फळ्यावर त्यानं लिहिलं – बारा ते बावीस तारखांचे अकरा आकडे चूक आहेत. त्यांवर सही माझी आहे, चूकही माझी आहे.

छपऱ्या निघाल्या. पण पहारा? पहारा हवाच, असं दोघेही शेठ म्हणाले. मोरेश्वर म्हणाला, जरूर असावा. ज्याला नजर ठेवायची आहे त्यानं तीस पावलांवर, उघड्यावर उभं राहावं. छत्रीही नको, तीही आडोसा करते. दुसऱ्या दिवशी दोन्ही शेठ स्वतः आले, तासभर उभे राहिले, अंगरख्यातून पाणी गळेपर्यंत भिजले. तिसऱ्या दिवशी कुणीही आलं नाही. संशय घ्यायला सगळे पुढे, मंडळी. भिजायला कोण?

तुम्हाला वाटलं असेल, संपली गोष्ट. निर्दोष सुटला, जय हरी. नाही! खरी कसोटी पुढेच आहे.

महिना संपला. शेवटचा आकडा लिहून मोरेश्वर बेरीज करायला बसला. पहिल्या अकरा दिवसांचे अकरा इंच चाळीस शतांश. शेवटच्या नऊ दिवसांचे सात इंच. आणि मधले ते अकरा दिवस – वहीत चार इंच तीस, पण खोटे.

लधाशेठ खुर्ची ओढून जवळ बसले. गोड आवाजात म्हणाले, "मोरूभाई, तिप्पट तर तुम्हीच दाखवली. तीननं गुणा. तुमचा अंदाज आहे, तुमचं नाव आहे."

बमनजींनी दारातूनच सांगितलं, की वहीत लिहिलं तेच धरा, माप दिल्यावर गुणाकार करणारा वाणी आम्ही पाहिला नाही.

मोरेश्वरानं एका कागदावर गुणून पाहिलं. चार तीसची तिप्पट बारा नव्वद. बेरीज – एकतीस इंच तीस शतांश.

तीसच्या वर! त्याचा अंदाज बरोबर! एकोणीस वर्षांत पहिल्यांदा त्यानं छाती काढून सांगितलं होतं, आणि ते खरं ठरत होतं. मेहनत, तारा, जागून ताडलेल्या वह्या – सगळ्याचं फळ समोर, कागदावर. कुणी त्याला खोटारडा म्हणू शकलं नसतं. गुणाकार तर सरळ होता.

आता बघा हं. एवढे दिवस या माणसानं कुणाकुणावर संशय घेतला? धाकूवर. वसंतवर. दोघेही निर्दोष. आणि आता, या आकड्याकडे बघताना, त्याला आतून किती आनंद झाला हे त्याच्या लक्षात आलं. आनंद झाला म्हणूनच तो थांबला. त्यानं स्वतःला विचारलं – बेरीज सव्वीस आली असती, तर मी हा गुणाकार मानला असता का? की म्हटलं असतं, एका दिवसाच्या मापावरून अकरा दिवस कसे ठरवणार? वारा रोज बदलतो. आधी एक छपरी होती, मग दोन, मग ताडपत्री. कोणत्या दिवशी दुप्पट, कोणत्या दिवशी चौपट, कुणाला ठाऊक?

अगदी खरं उत्तर त्याला मिळालं. सव्वीस आली असती, तर मानला नसता.

त्यानं कागद फाडला. वहीत त्या अकरा तारखांसमोर आडवी रेघ मारली आणि बेरजेची जागा कोरी ठेवली. समितीला सांगितलं, "यंदाचा जुलै मोजला गेला नाही."

काय गहजब झाला! बेरीज नाही तर सौदे कसे मिटणार? सगळे सौदे रद्द करावे लागले. लधाशेठ म्हणाले, हा बमनजीचा माणूस. बमनजी म्हणाले, पहिल्यापासून लधाचाच. म्हणजे एका बाबतीत मात्र दोघांचं एकमत झालं. समितीनं त्याचं नाव फळ्यावर लिहिलं नाही, डबाही त्याच्याकडेच ठेवला. पण अंदाज लिहायचं काम काढून घेतलं – कायमचं.

त्या संध्याकाळी मोरेश्वर घरी आला आणि हिराबाईंना म्हणाला, चल, वसंताकडे जाऊ. त्या निघाल्या. नवीवाडीत वसंतनं दार उघडलं. मोरेश्वर उंबऱ्याबाहेरच उभा राहिला आणि सगळं सांगितलं. किल्लीचं, रविवारचं, मंगळवारपासूनच्या आकड्यांचं. काही लपवलं नाही. माफी मागितली.

वसंत ऐकत राहिला. मग म्हणाला, "भावोजी, आत या. पेढीवर लोक पैजा मारताहेत म्हणून विचारतो – तुमचा अंदाज बरोबर होता का?"

"कळायला मार्ग नाही," मोरेश्वर म्हणाला. "मी त्याच्यावर छप्पर घातलं."

मंडळी, आजही कुणाला ठाऊक नाही, त्या जुलैत मुंबईत, त्या आवारात, किती पाऊस पडला. ढगांनी दिला होता. डबाही उघडा होता. संशयानं एका माणसाचं नाव जवळजवळ खाल्लं, हे तर झालंच. पण त्याहून वाईट झालं ते हे – ज्या उत्तरासाठी एवढा पहारा बसवला, ते उत्तरच त्यानं खाऊन टाकलं.

म्हणून म्हणते, संशय जरूर घ्या. बमनजींचा प्रश्न चुकीचा नव्हता, तो विचारलाच पाहिजे. पण सुनेच्या फोनकडे टक लावून बसता, शेजाऱ्याच्या बांधावर डोळा ठेवता, भाऊ दोन दिवस बोलला नाही तर मागच्या महिन्यांचा हिशेब काढता – तेव्हा एकदा आपली छपरी कुठे ठोकली आहे ते बघा. ते माणूस तुमच्याशी प्रेमानं बोलत नाही म्हणता. तुम्ही एवढे चिकटून बसलात, की त्याचं प्रेम पोचायला वाट ठेवलीत का? तीस पावलं मागे या. उघड्यावर उभे राहा. भिजा थोडे.

आणि जे उत्तर ऐकून मनाला गुदगुल्या होतात – माझंच खरं, मी म्हणतच होते, बघा मी सांगितलं नव्हतं – त्या उत्तराला मात्र सोडू नका. सगळा संशय तिथे खर्च करा. तिथे दोन पहारेकरी बसवा, चार बसवा! दुसऱ्याच्या हाताकडे बघायला डोळे पुरतात. स्वतःच्या आनंदाकडे बघायला देवाचीच मदत लागते.

ती मदत मागू या. टाळ घ्या हातात, आणि म्हणा त्याचं नाव – जो आपल्या प्रत्येकाच्या आत बसून सगळं बघतो, आणि तरीही कुणावर पहारा ठेवत नाही.